बारा वर्षं, सहा नोकऱ्या… आता कुठं टेकू?

वारणाकाठ | ३ जून, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

वय ३३, मुक्काम सांगली जिल्हा, वारणेच्या काठचं गाव. २०१३ ला मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला आणि वर्गातल्या निम्म्या पोरांसारखा मीही बॅग उचलून चाकणला गेलो. तिथं सात महिने टेम्पररी. शाफ्ट मोजायचे, गेज लावायचा, पास-रिजेक्ट वेगळं करायचं. सात महिने झाले, ब्रेक. मग रांजणगावला व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशिनवर, पुन्हा सात महिने, पुन्हा ब्रेक. कॉट बेसिसवर आठ जणांत राहायचं आणि नाइट शिफ्टवाल्याच्या गादीवर दिवसा झोपायचं, याचा कंटाळा आला म्हणून गावाकडं आलो.

मग तीन वर्षं तासगाव भागात ठिबकच्या डीलरकडं. द्राक्षबागांत सबमेन, लॅटरलच्या नळ्या टाकायच्या, फिल्टर बसवायचे, वर वसुलीलाही जायचं. वसुलीनं जीव खाल्ला. त्यानंतर साखर कारखान्यात मिल हाऊसला फिटर, हंगामी. अग्निप्रदीपन झालं की तीन पाळ्या सुरू, पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की घरी. तीन हंगाम काढले. मग पुण्यात एअर कॉम्प्रेसरचा सर्व्हिस इंजिनियर, महिन्यातले वीस-बावीस दिवस बाहेर. तिथं पगार बरा होता. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा ती सोडली. सध्या इस्लामपुरात मित्राच्या वर्कशॉपमध्ये आहे, पण मित्राकडं नोकरी करू नये हे आता दोघांनाही कळलंय.

आता दोन दारं उघडी आहेत. शिरवळ एमआयडीसीत मेंटेनन्सला ३१ हजार, सहा महिन्यांनी पर्मनंट करू म्हणतात. आणि कराडजवळ एका खाजगी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला निदेशक, १६ हजार. दुसरीकडं ओढा का वाटतोय ते मलाच कळत नाही. पगार निम्मा आहे हो.

बायको पतसंस्थेत आहे, मुलगी चार वर्षांची. बायको म्हणते, "पगार कितीही घ्या, पण दर दोन वर्षांनी नवीन साहेबाचं नाव पाठ करायला लावू नका." आई म्हणते, ह्याच्या पायाला भिंगरी आहे. चुलते तर सरळच म्हणतात, "टिकत नाही ते पोरगं कुठं."

प्रश्न असा, की एवढं सगळं केलं ते वाया गेलं का? आणि आपल्याला कुठलं काम मानवतं हे माणसाला कसं कळतं?

---

मीठभाकर | ३ जून, रात्री ११:०९

पहिला!
विनोद बाजूला ठेवून सांगतो. ३१ आणि १६ यात १५ चा फरक आहे, गणित एवढंच. मुलगी पुढच्या वर्षी शाळेत जाणार.

---

काळा_चहा | ३ जून, रात्री ११:३४

मीठभाकर + १.

दादा, राग मानू नका, पण "कुठलं काम मानवतं" हा प्रश्न पोट भरल्यावरचा आहे. मी स्पर्धा परीक्षेसाठी सदाशिव पेठेत सहा वर्षं अभ्यासिकेत काढली. दोनदा पूर्व, एकदा मुख्य, मग वय दिसायला लागलं. शेवटी लिपिक म्हणून लागलो. काम आवडतं का? नाही. नावडतं का? तेही नाही. फाईल येते, फाईल जाते. सव्वासहाला बाहेर पडतो, मंगळवारी-शनिवारी आमचं भजनी मंडळ असतं, तिथं पखवाज वाजवतो. माझं समाधान तिकडं आहे. नोकरीनं त्या पखवाजाचा खर्च भागवावा, बास.

---

अनघा_म | ४ जून, सकाळी ८:१५

मी अठरा वर्षं भरतीच्या कामात आहे (कारखाने, आयटी नाही), म्हणून आधी एक गैरसमज काढते.

तुमच्या सहा नोकऱ्या नाहीत, चार आहेत. चाकण आणि रांजणगावचे सात-सात महिने ही कंत्राटाची मुदत होती. वर्षात २४० दिवस भरले की कामगाराला कायद्यानं काही हक्क मिळायला लागतात. बरेच जण त्याच्या आत ब्रेक देतात तो त्यासाठी. ते तुमच्या बायोडेटात "नोकरी सोडली" असं दिसत असेल तर तुम्ही तो चुकीचा लिहिलाय. दोन्ही एका ओळीत आणा: "२०१३ ते २०१५, वाहनांचे सुटे भाग, तपासणी व व्हीएमसी, मुदतीचे कंत्राट." समोरचा पुढचं विचारत नाही.

साखर कारखान्याचंही तेच. हंगामी म्हणजे हंगामी. ऊस संपला म्हणून घरी आलेल्या माणसाला कोणी "टिकत नाही" म्हणत नाही. चुलत्यांना सांगा.

मला खरोखर खटकलं असतं ते फक्त मित्राचं वर्कशॉप. का सोडताय, याचं एका वाक्याचं उत्तर तयार ठेवा आणि त्यात मित्राची निंदा नको.

---

टूलरूम_जुना | ४ जून, सकाळी ९:४०

वारणाकाठ, मी तुमच्या वडिलांच्या वयाचा असेन, म्हणून अरे-तुरे करतो.

मी १९७६ साली आयटीआय टर्नर होऊन पिंपरीत अप्रेंटिस लागलो. १९६१ च्या कायद्यानं कंपन्यांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागत, आणि आमच्या कंपनीत त्या पोरांना खात्याखात्यांतून फिरवायची पद्धत होती. पहिले दोन महिने नुसती कानस. हातात लोखंडी ठोकळा, त्याच्या सहा बाजू काटकोनात आणायच्या. गुण्या लावायचा आणि उजेडाकडं धरून बघायचं, फटीतून प्रकाश दिसला की पुन्हा घास. तळहाताला घट्टे पडले. मग तीन महिने फाउंड्री, तीन महिने मिलिंग, थोडं हीट ट्रीटमेंट, थोडं इन्स्पेक्शन, शेवटी टूलरूम, म्हणजे साचे (डाय) आणि हत्यारं बनवायचं खातं.

फाउंड्रीत मी रडलो होतो, खोटं नाही सांगत. वाळू, धग, आणि मोल्ड उघडल्यावर समजायचं की कास्टिंगमध्ये भोक पडलंय. का पडलं? कोणी म्हणे वाळू ओली, कोणी म्हणे धातू थंड. ते "कोणी म्हणे" मला सोसायचं नाही. माझ्या बरोबरचा एक पोरगा मात्र तिथंच रमला. त्याला तो अंदाज, तो जुगार आवडायचा. पुढं फोरमन झाला.

टूलरूममध्ये पहिल्याच दिवशी मला जेवणाचा भोंगा ऐकू आला नाही. पण ऐक, टूलरूमही काय रोज दिवाळी नव्हती. वर्षातले दोनशे दिवस डाय घासत बसायचं, आधी जाड पेपर, मग बारीक, मग पेस्ट. कंटाळा यायचा. पण त्या कंटाळ्याचा त्रास व्हायचा नाही. फाउंड्रीत कंटाळा कधी आला नाही, त्रासच त्रास. काम आवडतं की नाही हे पोरं मला विचारतात तेव्हा मी उलटं विचारतो, कुठल्या कामाचा कंटाळा तुला झेपतो?

आता तुला गृहपाठ. सहाही ठिकाणी अशी कोणती गोष्ट तू केलीस, जी कोणी सांगितली नव्हती आणि जिचा पगारही मिळत नव्हता? एकेक आठवून लिही. घाई नको.

---

मीठभाकर | ४ जून, सकाळी ९:५८

काका, प्रतिसाद आवडला. "कंटाळा झेपतो का" हे मी बायकोला ऐकवणार होतो, पण ती म्हणेल लग्नाबद्दल बोलताय का.

---

साताऱ्याची_सून | ४ जून, दुपारी २:२०

भांडी झाली, आता लिहिते.

माझंही असंच कडबोळं आहे, फक्त बायकांच्या बाबतीत त्याला कोणी "अनुभव" म्हणत नाही, "हे केलं, ते केलं, काही धड नाही" म्हणतात. बीकॉम झाले, लग्न झालं. एका सीएकडं डेटा एन्ट्री केली, पोर झालं म्हणून सुटली. एलआयसीची एजन्सी घेतली, नातेवाईक संपले तशी एजन्सी संपली. मग घरून डबे सुरू केले. चौदा डब्यांपासून बेचाळीसपर्यंत गेले. पाच वर्षं पहाटे साडेचारला कणीक मळलीय.

सगळे म्हणायचे, वहिनी काय स्वयंपाक करता! मलाही वाटायचं, हेच आपलं काम. पण टूलरूम काकांनी विचारला तसला प्रश्न मला कोणी विचारला असता तर उत्तर वेगळं आलं असतं. मी वही ठेवायचे. कुठल्या डब्याला किती पोळ्या जातात, किती परत येतात, गॅसची टाकी किती दिवस चालली, तेल महागलं की एका डब्यामागं किती पैसे वाढले. कोणी मागितलं नव्हतं. डबे बंद करून मला आता सहा वर्षं झाली, ती वही मात्र आजही उघडून बघते.

२०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि आमच्या पेठेतल्या दुकानदारांची त्रेधा उडाली. समोरच्या कापड दुकानदारानं विचारलं, वहिनी, तुम्ही बीकॉम ना? दोन महिन्यांत शिकले, पडत-झडत. सुरुवातीला एकाचं रिटर्न उशिरा भरलं गेलं तर लेट फी मी माझ्या खिशातून भरली. आज एकवीस दुकानांचे हिशोब बघते. दर महिन्याला तेच ते, आणि ते मला चालतं. पोळ्या मात्र आता फक्त घरच्या.

वाया गेलं का म्हणाल, तर एलआयसीची दीड वर्षं सपशेल वाया. सगळ्याचं सोनं होतं असं काही नाही.

---

वारणाकाठ | ५ जून, रात्री ११:१८

सगळ्यांचे आभार. काका, गृहपाठ केला. दोन दिवस तेच डोक्यात होतं.

चाकण: नवीन पोरं व्हर्नियरचं (बारीक मापं घ्यायच्या सरकपट्टीचं) रीडिंग चुकायची. लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिमी. मुख्य पट्टीवर २४ आणि खाली सतरावी रेघ जुळली की वाचायचं २४.३४, ही लिहायची २४.१७. चांगला माल रिजेक्टमध्ये जायचा, आणि त्याहून वाईट म्हणजे उलटंही व्हायचं. मी एका वहीच्या पानावर मराठीत, चित्र काढून, "रेघ गुणिले ०.०२" असं लिहून टेबलाच्या काचेखाली सरकवलं होतं. मी निघालो तेव्हा ते तिथंच होतं.

रांजणगाव: काही नाही. खरंच काही नाही. मशीन लोड-अनलोड करत होतो आणि दिवस मोजत होतो.

ठिबक: लोकं बॅकवॉश करायची नाहीत, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुवायची नाहीत, मग ड्रीपर तुंबले की डीलरच्या नावानं बोंब. मी एक कार्ड केलं होतं: "प्रेशरच्या दोन घड्याळांत एवढा फरक दिसला की हा कॉक असा फिरवा." लॅमिनेशन करून सँड फिल्टरला तारेनं बांधायचो. लॅमिनेशनचे पैसे माझेच. पलूसला एका बागेत ते कार्ड चार वर्षांनी दिसलं, उन्हानं पांढरं झालेलं, पण कॉकला तेलाचा हात लागलेला होता.

कारखाना: मिलच्या ग्रीसिंग पॉइंटना नंबर टाकले, पाळी बदलताना कुठपर्यंत झालं ते फळ्यावर लिहायचं ठरवलं. आमचे जुने फिटर हसायचे. दुसऱ्या हंगामात तेच विचारायला लागले, "फळा कुणी पुसला रं?"

कॉम्प्रेसर: इथं वाजलं. गिऱ्हाइकाचे ऑपरेटर ऑफिसला फोन न करता मला करायचे. मी फोनवर सांगायचो, एअर फिल्टर काढून झटक, ड्रेन बघ, ऑइलची पातळी बघ. निम्म्या वेळा मशीन चालू व्हायचं. साहेब म्हणाले, "तू फुकट शिकवतोस, आमची व्हिजिट बुडते." त्यांचंही चूक नव्हतं म्हणा, धंदा आहे. पण मला ते बोलणं फार लागलं. वडिलांचं आजारपण हे सोडायचं कारण होतंच, पण खरं सांगायचं तर एकटं ते नव्हतं. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

वर्कशॉप: मित्राच्या दोन हेल्परना लेथ शिकवला. मित्र म्हणाला, आता हे शिकून दुसरीकडं जाणार. एक गेला.

---

टूलरूम_जुना | ६ जून, सकाळी ६:५०

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी द्यायची गरज आहे का?

रांजणगावचं "काही नाही" प्रामाणिकपणे लिहिलंस ते बरं केलंस.

---

पाटी_पेन्सिल | ६ जून, दुपारी १:०५

थांबा थांबा. सगळे हार घेऊन उभे राहायच्या आत मला बोलू द्या.

समजावून सांगायला आवडणं वेगळं आणि शिकवायची नोकरी वेगळी. मी २०१० ला डीएड झाले. २०१२ पासून राज्यात शिक्षकभरती बंद झाली ती वर्षानुवर्षं बंदच होती. आमच्या अख्ख्या पिढीचं तारुण्य त्यात गेलं. टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल, असं करत बसलेल्या मैत्रिणी आहेत. मी खाजगीत गेले. खाजगीत काय असतं ते सांगते.

मे-जून म्हणजे "प्रवेश मोहीम". दुचाकीवर गावोगाव फिरून दहावीच्या मुलांची यादी काढायची, घरी जायचं, पालकांना पटवायचं. प्रत्येकाला कोटा ठरवलेला. मुलं आणली नाहीत तर पगार अडतो. वारणाकाठ, तुम्हाला ठिबकच्या वसुलीनं जीव खाल्ला म्हणालात ना? हे तेच आहे, फक्त पिशवी वेगळी. शिवाय हजेरीपट, ऑनलाइन माहिती भरणं, तपासणी आली की रातोरात रंगवलेल्या भिंती. प्रत्यक्ष वर्गात उभं राहायचा वेळ दिवसाला तीन तास धरा.

ते तीन तास चांगले असतात, नाही म्हणत नाही. मी अजून तिथंच आहे, यात काय ते आलं. पण सोळा हजारांच्या आतलं पूर्ण चित्र बघा. पगार बारा महिने मिळतो का, दर महिन्याला वेळेवर मिळतो का, हे तिथल्या शिपायाला विचारा. प्राचार्यांना नको.

---

वारणाकाठ | ६ जून, दुपारी १:४४

ताई, हे कोणीच सांगितलं नव्हतं. प्रवेशाचं मी विचारलंच नाही.

---

कुंडलचा | ६ जून, रात्री ९:३०

आमच्या भागातला धागा आणि लक्ष्मणरावांचं नाव नाही म्हणजे काय! किर्लोस्करवाडी माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे. जे. मध्ये चित्रकला शिकायला गेले. रंग नीट ओळखू येत नाहीत हे तिथं कळलं, म्हणून यंत्रांच्या ड्रॉइंगकडं वळले, व्हीजेटीआयमध्ये शिकवायला लागले. बढती डावलली गेली, ती नोकरी सोडली आणि बेळगावात सायकलचं दुकान काढलं. त्यातून कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. तो नांगर आधी कोणी घेईना, लोखंडानं जमीन नासते म्हणायचे. १९१० ला आमच्या माळावर कारखाना आला. चित्रकार, मास्तर, सायकलवाला, नांगरवाला. त्यांच्याही चुलत्यांनी भिंगरी म्हटलंच असेल.

आणि तो नांगर विकत गावोगाव कोण फिरलं? भाऊराव पाटील! ओगल्यांचे कंदीलही त्यांनी विकले. त्या फिरतीत खेड्यातली शाळेबाहेरची पोरं बघितली, आणि १९१९ ला कराड तालुक्यातल्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली. फिरतीची नोकरी वाया गेली का सांगा.

---

अनघा_म | ६ जून, रात्री १०:०२

कुंडलचा, गोष्टी छान आहेत, पण मला या युक्तिवादाची भीती वाटते. एक किर्लोस्कर दिसतात, सायकलचं दुकान बुडून कर्जात गेलेले दिसत नाहीत. भाऊरावांच्या मागं लक्ष्मीबाईंचे दागिने गेले वसतिगृहासाठी, मंगळसूत्रसुद्धा. वारणाकाठ यांच्या घरी एक पतसंस्थेचा पगार आहे आणि एक आजारी माणूस. तेवढंच धरून बोलू या.

---

कुंडलचा | ६ जून, रात्री १०:११

मान्य. पण लोखंडी नांगरावर मी अजून दहा प्रतिसाद लिहू शकतो, वेगळा धागा काढतो.

---

श्टुटगार्टकर | ७ जून, पहाटे ३:२६ (तुमच्याकडं)

विषय आवडला म्हणून इथली एक पद्धत सांगतो. आमचा चिरंजीव नववीत आहे. इथं या वयात शाळेतून मुलांना खऱ्याखुऱ्या कामाच्या जागी पाठवतात, एक-दोन आठवडे. पत्र लिहून जागाही त्यांनीच शोधायची. ह्याला पायलट व्हायचं होतं, मिळाला सुतार. पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाला, बाबा, दिवसभर उभं राहावं लागतं! त्याला ती बातमी होती.

शाळेनंतर ज्यांना विद्यापीठात जायचं नसतं ते कंपनीत शिकाऊ म्हणून लागतात, साधारण तीन-साडेतीन वर्षं. काही दिवस कारखान्यात, काही दिवस व्यवसाय शाळेत, आणि दरमहा विद्यावेतन. करारात सुरुवातीचा एक ते चार महिन्यांचा काळ असा असतो, की दोघांपैकी कोणालाही न पटल्यास तिथंच थांबता येतं. आमच्या शेजारचा मुलगा बेकरीत लागला होता. पाव आवडायचा, पहाटे दोनला उठणं झेपेना. तिसऱ्या महिन्यात सोडून हीटिंगच्या कामाला गेला. त्याच्या आईनं पेढे वाटले नाहीत, पण तोंडही पाडलं नाही. "बरं झालं, आत्ताच कळलं," एवढंच म्हणाली.

इथं सगळं उत्तम आहे असं मुळीच नाही. दहाव्या वर्षीच मुलांची शाळा वेगळी करतात, त्यावर बोलायला लागलो तर सकाळ होईल. पण तो चार महिन्यांचा काळ मला फार शहाणपणाचा वाटतो. वारणाकाठ, तुम्हाला असा काही मधला काळ मागता येईल का?

---

काळा_चहा | ७ जून, सकाळी १०:२०

आमच्याकडं तो काळ पालक ठरवतात. शून्य दिवस.

(बरं, माझा आधीचा प्रतिसाद जरा तोडून टाकणारा होता. वारणाकाठ यांचा ठिबकचा परिच्छेद वाचून मी ऑफिसात आठवायला बसलो, की न सांगता मी काय केलं. आठ वर्षांत एक गोष्ट सापडली. जुन्या नोंदींच्या गठ्ठ्यांना मी गावनिहाय रंगीत दोरे बांधलेत. म्हाताऱ्या माणसांना उतारा लवकर मिळतो. बाकी काही नाही. पखवाज आहेच.)

---

साताऱ्याची_सून | ७ जून, सकाळी ११:४७

काळा_चहा, ही एक गोष्ट कमी आहे होय? त्या दोऱ्यांसाठी मी तुम्हाला चहा पाजीन, दुधाचा.

वारणाकाठ, श्टुटगार्टकरांचं धरून सांगते. आयटीआयमध्ये तासिका तत्त्वावर घेतात का विचारा. माझा दीर असाच लागला होता, आठवड्याला ठराविक तास. शिरवळवाल्यांकडून रुजू व्हायला महिनाभराची मुदत मागा.

---

पाटी_पेन्सिल | ७ जून, दुपारी १२:१५

हे चालेल. आणि या मार्गाला खरंच जायचं असेल तर सीआयटीएस करा, निदेशकांसाठीचा एक वर्षाचा प्रशिक्षणक्रम. मुंबईत चुनाभट्टीला केंद्र सरकारची प्रशिक्षण संस्था एनएसटीआय आहे, जुने लोक तिला एटीआय म्हणतात. सरकारी आयटीआयच्या शिल्प निदेशकांची जाहिरात २०२२ ला निघाली होती. पुन्हा निघेल तेव्हा निघेल, पण तेव्हा हातात सीआयटीएस असलेलं बरं. खाजगीत सोळा हजारांवर दहा वर्षं काढायला मी कोणालाच सांगणार नाही.

---

वारणाकाठ | २९ जून, रात्री ९:०५

मंडळी, उशिरा कळवतोय.

शिरवळला १५ जुलैपर्यंत मुदत मिळाली. मागितली तर देतात हे मला बारा वर्षांत माहीत नव्हतं. आयटीआयच्या प्राचार्यांना भेटलो. प्रवेश मोहिमेचं विचारल्यावर ते जरा गप्प झाले, मग म्हणाले, "सगळ्यांनाच करावी लागते." पगाराचं शिपायाला विचारलं. दोन महिने मागं आहे. म्हणून पूर्णवेळ नको, दोन आठवडे तासिकेवर येतो म्हटलं. त्यांचे एक निदेशक रजेवर होते म्हणून जमलं.

आज सहावा दिवस. बावीस पोरं, हजर चौदा. कार्यशाळेत व्हाइस आठ, त्यातल्या दोनांचे जबडे मिटत नाहीत. व्हर्नियर एकच, तोही कपाटात कुलूपबंद, कारण हरवला तर भरून द्यावा लागतो. पोरांनी तो हातात न घेता वर्ष काढलं असतं. मी सही करून बाहेर काढला. पहिल्या पोराला रॉड दिला, म्हटलं वाच. त्यानं मुख्य पट्टी बघितली, रेघ शोधली आणि ठामपणे म्हणाला, "सतरा, सर. चोवीस पॉइंट सतरा."

आकडासुद्धा तोच. मला हसू आवरेना. मी का हसतोय ते पोरांना कळेना.

मीठभाकर, १५ हजारांचा फरक तसाच आहे. रोज रात्री बायको आणि मी वही घेऊन बसतो. तिचं मत पडतंय, की शिरवळ घ्यावं आणि त्यांच्याकडं अप्रेंटिस पोरं येतात ती माझ्याकडं द्या म्हणून मुलाखतीतच सांगावं. हे मला सुचलं नव्हतं. सोमवारी त्यांच्या मॅनेजरला फोन करणार आहे. ते नाही म्हणाले तर काय, ते अजून ठरलेलं नाही. सीआयटीएसची माहिती मात्र काढून ठेवली आहे.

---

अनघा_म | २९ जून, रात्री ९:३१

वहिनींना माझा नमस्कार सांगा. फोनवर "मला शिकवायला आवडतं" म्हणू नका. "नवीन मुलांच्या मापांच्या चुका मी कमी केल्या आहेत" म्हणा आणि काचेखालच्या कागदाची गोष्ट सांगा, २४.३४ सकट.

---

टूलरूम_जुना | ३० जून, सकाळी ६:४०

बावीस पोरांत एक व्हर्नियर ही लाजेची गोष्ट आहे, तुझ्या नाही.

माझ्याकडं तीन पडून आहेत, ट्रंकेत, तेलाच्या कागदात. दोन चांगले. तिसऱ्याचा जबडा झिजलाय, बंद केला तरी शून्यावर येत नाही. तोही देतो, फेकू नकोस. पोरांना आधी तोच दे आणि कोणाला चूक सापडते बघ. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, बुधवारी पुतण्या कराडला येतोय.